अंगठ्याची सवय

फोटो काढला की बाबांचा उजवा अंगठा कॅमेऱ्याच्या कडेवरून अर्धा इंच पुढे सरके. जुन्या कॅमेऱ्यात तिथे रोल पुढे न्यायची छोटी दांडी होती. डिजिटलवर नुसतं गुळगुळीत प्लास्टिक.

"बाबा, यात रोल नाही," लेक हसली.

"मला माहीत आहे गं. अंगठ्याला कोण सांगणार?"

स्टुडिओ आता तीच चालवत होती आणि आज बाबांना आयएसओ शिकवत होती. "उजेड कमी असला की हा आकडा वाढवायचा. प्रत्येक फोटोला वेगळा ठेवलात तरी चालतो."

"चैन आहे बुवा तुमची! आमचा एकदा रोल घातला की संपेपर्यंत तोच आकडा."

"आणि तुम्ही तर रोल संपवतच नाही." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

दोघांचीही नजर कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्याकडे गेली. त्यातल्या रोलवर आईचे शेवटचे फोटो होते. आई गेल्यापासून लेक म्हणे, "धुऊन घेऊ या," आणि बाबा म्हणत, "अजून दोन फोटो शिल्लक आहेत, वाया कशाला घालवायचे?" पडून राहिलेल्या फिल्मवरचं चित्र हळूहळू विरत जातं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

बाबांनी डिजिटल कॅमेरा तिच्याकडे दिला आणि कपाट उघडलं. जुना कॅमेरा हातात येताच अंगठा आपसूक दांडीवर जाऊन बसला.

"खिडकीपाशी उभी राहा," ते म्हणाले. "एक तुझा मी काढतो, एक माझा तू काढ. मग रोल धुवायला घेऊ."