सुजलेल्या हिरड्या

"आजी, ही तंबाखूची मिसरी आता बंद!" पोरीएवढी ती डॉक्टरीण माझ्या तोंडात बॅटरी मारून म्हणाली.

झटका छातीत आला आणि ही तोंडात काय शोधते? माझं डोकंच फिरलं. "बाई, दुखणं कुठं, बघताय कुठं?"

"हिरड्या सडून सुजल्यात. अशी सूज अंगात मुरली की हृदयाच्या नळ्याही आतून सुजतात. तिथं रक्ताची गुठळी होते अन् नळी बंद पडते. तुमची तशीच पडली असणार."

"लग्न होऊन आले तेव्हापासून लावते. आजवर काही झालं नाही!" मी तणतणले. "कुंदा, डबी दे माझी."

सून जागची हलली नाही. पदर तोंडाला लावून पुटपुटली, "आत्याबाई, माझ्याही हिरड्यांतून रक्त येतंय."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"तुम्हीच मिसरी लावायला शिकवलीत. म्हणालात, खराब रक्त जातंय, जाऊ दे. हिरड्या घट्ट होतील."

माझा संताप आणखीच चढला. दंड धरून मी तिला डॉक्टरणीपुढं ओढली. "आ कर, बये! बाई, माझं राहू द्या. आधी हिचं तोंड बघा."