रेडी

बेळगावच्या कॉलेजात आज रुजू व्हायचं, आणि निपाणीच्या घरासमोर हायब्रिड गाडी सुरूच होईना. पारमितानं मागं वळून लेकीच्या सीटचा पट्टा तिसऱ्यांदा ओढून पाहिला. वाटेत तिला काकतीला, आईकडं सोडायचं होतं. पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर तेच: 'किल्ली सापडत नाही.' किल्ली तर तिच्या हातात होती.

"गाडीलाबी कळतंय, तान्हं पोर घिऊन रोज कुठं हिंडायचं," पायरीवरून तिचे सासरे, आप्पा, म्हणाले. "मेकॅनिक सोमवारी यील. तवर ऱ्हा घरात."

तिनं नखानं किल्ली उघडली. आत सेलची जागा रिकामी. काल संध्याकाळी आप्पांनी चष्म्याचा स्क्रू बसवायला म्हणून तिच्याकडून बारका स्क्रू-ड्रायव्हर मागून नेला होता. चष्मा अजून दोऱ्यानंच बांधलेला होता.

तिनं किल्ली पुन्हा मिटली. किल्लीचा सेल संपला तर काय करायचं, ते गाडीच्या पुस्तिकेत वाचलं होतं तसं केलं: ब्रेकवर पाय, रिकामी किल्ली बटणाला टेकवली आणि बटण दाबलं. समोर हिरवी अक्षरं उमटली, 'रेडी'.

"बगितलंस? आवाजबी न्हाय. बंदच हाय ती."

"ही आवाज न करताच निघते, आप्पा."

गाडी खरंच हलली. आप्पांची खिशातली मूठ आवळली. फाटकापाशी पारमितानं काच खाली केली.

"तो सेल तुमच्या शुगरच्या मशिनीला बसतोय बघा, आप्पा. घालून ठेवा. संध्याकाळी कॉलेजातनं आले की मी तपासते."