साठ आणि पंचेचाळीसच्या मधे

साठ अंशांत धरलेल्या पात्याने सोल्डरची पेस्ट सर्किट बोर्डच्या कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही. काकांनी बोर्ड उचलून उजेडात धरला. शेवटच्या ओळीतले चार ठिपके अर्धपोटी राहिले होते.

"गेला," शेजारच्या टेबलावरून चष्मेवाली म्हणाली. प्रत्येक बोर्ड ती भिंगाखाली तपासायची. "काका, जरा आडवं धरा."

काकांनी पातं पंचेचाळीसवर आणलं आणि पत्र्यावरून ओढलं. पत्र्याच्या बारीक भोकांतून राखाडी पेस्ट खालच्या बोर्डवर उतरली, पण जरा जास्तच उतरली. शेजारशेजारचे ठिपके एकमेकांना चिकटले.

"हाही गेला. भट्टीत घातला की शॉर्ट."

सुपरवायझर बाई हातातली यादी उगाच चाळत मागे उभ्या होत्या. "काका, मला वाईट वाटतंय. पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत वीस बोर्ड पास झाले नाहीत, तर हे हाताने छापायचं टेबल दुपारच्या गाडीने भंगारात जाईल. नव्या मशीनला जागा हवीय."

"कळलं," काका म्हणाले.

चार महिन्यांपूर्वीपर्यंत या टेबलावर काकू बसायच्या. अकरा वर्षं. काका दोन टेबलं सोडून पॅकिंगला. सहलीला येणार का, रविवारी कामावर येणार का, काहीही विचारलं की काका म्हणायचे, "घरी विचारून सांगतो." मग सगळे काकूंकडे बघून हसायचे. काकू मान वर न करता म्हणायच्या, "नाही म्हणून सांगा." त्या गेल्यापासून ते वाक्य काकांच्या तोंडून निघालं नव्हतं.

कोन मोजायची पट्टी खणात होती, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. काकूंनी ती कधी उघडलीच नाही. काकांनी ती फोडली, पंचावन्न मोजून बघितलं, मग पन्नास. अकरा बोर्ड पुसून बाजूला पडले.

"काकूंनी तुम्हाला कधी सांगितलं नाही?" चष्मेवालीने विचारलं.

"म्हणायची, दाब पडला की पातं आपलं आपण कलतं. आपण मधे मधे करायचं नाही." काकांनी बरबटलेले हातमोजे काढले, नवी जोडी घातली. "मी कधी बघितलंच नाही गं ती कसं धरते ते. नुसतं ऐकायचो. पाठमोराच बसायचो ना."

त्यांनी वर बघितलं. मग म्हणाले, "तो पंखा बंद कर."

पंखा थांबला. काकांनी डोळे मिटले.

पहिल्यांदा पातं खरखरलं. दुसऱ्यांदा किंचाळलं. तिसऱ्यांदा पत्र्यावरून लांबलचक, सलग सर्र आवाज निघाला आणि शेवटी मनगट झटकल्यासारखं बारीक टक् झालं. दोन टेबलं सोडून अकरा वर्षं ऐकलेलं टक्. काकांची मान आपोआप एका बाजूला कलली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"पास," चष्मेवाली म्हणाली. तिने छापलेला बोर्ड काढून घेतला, पत्र्याखाली कोरा लावला.

सर्र. टक्.

"पास."

सर्र. टक्. काकांना काहीच करावं लागत नव्हतं. हात जात होता, येत होता.

सातव्या-आठव्या बोर्डानंतर चष्मेवालीचा आवाज बारीक झाला. पंधराव्यानंतर ती पास म्हणायचीही थांबली. नुसते बोर्ड काढत होती, लावत होती. विसावा बोर्ड तिने भिंगाखाली धरला आणि तशीच बसून राहिली.

"झाला का?" डोळे मिटूनच काकांनी विचारलं.

"झाला." तिने बोर्ड खाली ठेवला. "काका, तुम्ही उजव्या हाताचे ना?"

"हो. का?"

"काकू डावखुऱ्या होत्या."

काकांनी डोळे उघडले. उजवा हात मांडीवर पडला होता. त्यावरचा मोजा पाकिटातून काढला तसा पांढराफेक होता. पातं डाव्या हातात होतं, आणि त्या हाताचा मोजा मनगटापर्यंत राखाडी झाला होता.

तेवढ्यात सुपरवायझर बाई लगबगीने आल्या. बोर्डांची चळत बघून त्यांचा चेहरा खुलला. "वीसच्या वीस? काका, वाचवलंत की टेबल! आता कोन किती ठेवलात तेवढं लिहून द्या. उद्या ऐंशी बोर्ड छापायचेत."

काका डाव्या हाताकडे बघत राहिले. पातं त्यांनी खाली ठेवलं नाही.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.