रिकामी तारीख

रक्तपेढीसाठी मीच लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये बॉम्बे ग्रुप या अतिदुर्मिळ रक्तगटाचा रक्तदाता शोधला, तर तिसऱ्यांदाही स्क्रीनवर शून्य. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण त्या रक्ताची वाट बघत होती.

“शून्य कसं?” रक्तपेढीतल्या चौगुलेकाकांनी टेबलावर हात आपटला. “तालमीतला एक पैलवान मी स्वतः नोंदवलाय. दुसऱ्या दिवशी कुस्ती होती म्हणून त्यानं रक्त दिलं नाही, एवढंच. नंबर तुमच्या कॉम्प्युटरातच आहे!”

दिलं नाही? मी ताठ बसले. डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, मी नाही, मी वापरते ती तयार कोडची लायब्ररी लिहिते; मी फक्त अटी देते. तिनं लिहिलेली क्वेरी आज पहिल्यांदा उघडून वाचली. ‘शेवटच्या रक्तदानाला तीन महिने उलटलेले हवेत.’ अट माझीच होती. पण ज्यानं कधीच रक्त दिलं नाही, त्याची तारीख रिकामी. आणि रिकामी तारीख या अटीत बसतच नाही!

‘किंवा तारीख रिकामी’ एवढं जोडून एंटर मारलं. नाव झळकलं!

“सापडला!” मी ओरडलेच. काकांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

“निघालोच,” पैलवान म्हणाला. “दोन वर्षं झाली की नाव देऊन. मला वाटलं, माझं रक्त कुणाला लागतच नाही.”