बी विंग, चौदावा मजला

सार्वजनिक संडास. स्विमिंग पूल. सहा आकडे. लग्नाची मुलगी.

डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या मंजुळाबाई लेकीचं नाव विवाहाच्या वेबसाइटवर नोंदवत होत्या. पिनकोडचे सहा आकडे टाकताच पत्ता आपोआप भरला गेला: 'मेघछत्र टॉवर (स्विमिंग पूलसह), लोअर परळ'.

"आई, खोड ते. आपली चाळ लिही," लेक पूर्वी म्हणाली.

"गप गो! मोबाईलने लिहिलंय, मी नाय. चाळ नि सार्वजनिक संडास वाचून मागचे तिघे पळाले ना?"

आठवड्याभरात स्थळ आलं. मुलाचा पत्ताही मेघछत्र टॉवरच. 'घरी या' असं दोन्हीकडून कुणीच म्हणालं नाही. भेट दादरच्या हॉटेलात ठरली. पूर्वीला मुलगा पाहताक्षणी आवडला. आता फक्त मंजुळाबाईंचं बिंग फुटायला नको होतं.

"तुमची विंग कुठली हो?" मुलाच्या आईने विचारलं.

"बी. चौदावा मजला." मंजुळाबाईंनी ठोकून दिलं. "तुमची?"

"ए. विसावा. तुमच्याकडे लिफ्ट वेळेवर येते?"

"येते की! तुमच्याकडे?"

"आमच्याकडे पण. वारा मात्र फार लागतो बाई."



मेघछत्र टॉवरच्या भूमिपूजनाचा नारळ अजून फुटलेला नाही.