आता शोभतो

तेजस आल्यापासून एक शब्दही बोलला नव्हता, आणि बाकीच्या दोघांना त्याचं कौतुक वाटत होतं. उद्या रेकॉर्डिंग. पोरगा गळा जपतोय, असं त्यांनी आपापसात ठरवूनही टाकलं.

धायरीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेल्या खोलीत ‘नो पार्किंग’ या बँडची तालीम चाले. तेजस गायचा, केदार गिटार वाजवायचा, प्रियदर्शनी ड्रम्स. आठवडाभर तिघंही हिंजवडीच्या एकाच ऑफिसात कोड लिहीत आणि शनिवारी इथं येऊन माणसांत येत.

केदार शनिवार पेठेतला, त्यामुळे त्याचं कौतुकही टोमण्यासारखं ऐकू येई. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो लोकांनी इंटरनेटवर लिहिलेलं मोठ्यानं वाचत होता. “‘गिटार उत्तम, ड्रम्स दणदणीत, पण गाणारी मुलगी कोण?’ तेजस, अभिनंदन. हे दुसरे गृहस्थ म्हणतात, ‘हा आवाज या संगीताला अजिबात शोभत नाही.’ आणि रात्रभर तेच गाणं ऐकत होतो, हे खाली स्वतःच कबूल करतात. शोभत नाही, हेच तर आपलं भांडवल आहे.”

तेजसनं घसा खाकरला.

“मला जरा बोलायचंय.”

केदारनं मान वळवून दाराकडे पाहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी आले, असं त्याला वाटलं. दारात कोणी नव्हतं.

“मीच बोलतोय,” तेजस म्हणाला.

वयात येताना फुटायचा तो त्याचा आवाज फुटलाच नव्हता. सव्विसाव्या वर्षीही बारीक, चिरका, शाळकरी पोरासारखा. फोनवर अमेरिकेतली माणसं त्याला मॅडम म्हणत आणि तो दुरुस्त करत नसे. तिकडे वर्ध्याकडं आईनं, विमलाबाईंनी, दोन ठिकाणी त्याच्या लग्नाची बोलणी लावली. दोन्हीकडून ‘मुलगा चांगला आहे, पण’ एवढाच निरोप आला. मग या आठवड्यात रजा काढून, कोणाला न सांगता तो एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागला. त्यांनी अंगठ्यानं त्याचा कंठ खाली दाबून धरला आणि ‘आ’ म्हणायला लावलं. निघालेला आवाज आपला आहे हे कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर तो त्यांच्यासमोरच रडला. बाहेर येऊन त्यानं रिक्षावाल्याला विचारलं, “धायरी?” रिक्षावाला हसला नाही. “बसा साहेब,” म्हणाला. पुण्यातला रिक्षावाला एका शब्दात यायला तयार झाला याचंही तेजसला नवल वाटलं नाही, इतका तो सुखात होता.

“जुन्या आवाजात एकदाही जायचं नाही म्हणाल्यात,” तो आता सांगत होता. “गुणगुणायचंसुद्धा नाही. गळ्याला जुनी वाट पाठ असते. एकदा वळला की तिकडचाच होतो.”

“छान वाटतोय रे,” प्रियदर्शनी म्हणाली. “खरंच.”

“गाऊन दाखव,” केदार म्हणाला.

तेजस गायला. सूर जागच्या जागी, शब्द स्वच्छ, गिटारवर नेमका बसणारा भरदार आवाज. गाणं संपलं.

“आता शोभतो,” केदार म्हणाला. कोणाकडे समाचाराला गेल्यावर बोलावं, तसा.

तेजसनं माईकचा स्टँड बाजूला सारला.

“असे गाणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत रे. स्टुडिओवाल्यांनी आपल्याला कशासाठी बोलावलंय, तुला माहितीये. उद्याच्यापुरतं गा. मग जन्मभर बोल की साहेबासारखा.”

“एकदाही नाही म्हणाल्यात.”

“मी जबरदस्ती करत नाहीये.”

करत नव्हता, हीच तर पंचाईत होती. जबरदस्ती केली असती तर भांडून निघून जाता आलं असतं. प्रियदर्शनीनं या रेकॉर्डिंगसाठी परदेशी जाणं पुढं ढकललं होतं, आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते खरं. पण तेजसचा या आडातल्या दोघांवर जीवही होता.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आई. दिवाळीला घरी जाऊन तिला चकित करायचं त्यानं ठरवलं होतं, पण आत्ता त्याला कोणीतरी नुसतं खूश झालेलं हवं होतं.

“हॅलो, माय.”

“तेजसले द्या नं भाऊ,” विमलाबाई म्हणाल्या.

“माय, मी तेजसच.”

“भाऊ, मस्करी नोका करू. त्याचा फोन तुमच्यापाशी कसा आला? दवाखान्यात आहे काय माहा पोरगा?”

“आयक तं माय. माहा आवाज बरा झाला...”

“खरं सांगा भाऊ. माय होय मी त्याची.” आणि त्या रडायलाच लागल्या.

तेजसनं समजावायला तोंड उघडलं. त्या आवाजात जे काही सांगू, त्यानं ती आणखीच घाबरेल हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं डोळे मिटले. कंठ आपसूक वर सरकला.

“मीच आहो माय. रडू नको.”

बारीक, चिरका आवाज पत्र्याला लागून घुमला. प्रियदर्शनीनं मान खाली घातली. केदारनं पावलांचा आवाज न करता माईकचा स्टँड उचलला आणि तेजसच्या पुढ्यात आणून ठेवला.

विमलाबाईंच्या जिवात जीव आला होता, आणि जीव आल्यावर रागही. “मंग आधी कोन बोलून राह्यला होता थो मेला?”

“कोणी नाही, माय,” तेजस त्याच आवाजात म्हणाला. “गेला तो.”