बाबांचं बटण

तिने भावाच्या कॉम्प्युटरची बाजूची काच काढून पलंगावर ठेवली आणि आत हात घातला, तेवढ्यात भाऊ डोकं पुसत आला.

"ए ताई! माझ्या कॅबिनेटला कोणाला विचारून हात लावलास?"

"मंगळवारी बाबा बाथरूमच्या दाराशी पन्नास मिनिटं पडून होते. तेव्हा तू कोणाला विचारून बसून राहिलास?"

"झालं, परत तेच. हेडफोन होते कानावर. ऐकू आलं नाही, त्याला मी काय करू?"

"म्हणूनच. कानाने ऐकू येत नाही ना, मग डोळ्यांनी बघ."

बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत, त्यांच्या पॅनेलमध्ये मान घालून तिची बारा वर्षं गेली होती. हे असलं काम म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. पण आज संतापाच्या भरात वायरचं टोक दोनदा निसटलं. धाकटा, लाडका, सव्वीस वर्षांचा घोडा! अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा एक हात गेला, आवाज बसला, आणि भिंतीपलीकडे माणूस राहतो हेच हा विसरला.

आतल्या पंख्याशेजारी निळ्या एलईडीची पट्टी आधीपासून होती, शोभेची. तिने तिच्याखाली लाल पट्टी चिकटवली आणि दोन्ही एका रिलेवर, म्हणजे विजेने उलटणाऱ्या छोट्या स्विचवर आणल्या. एरवी निळी पेटेल. बाबांनी बटण दाबलं की रिले उलटेल, निळी विझून लाल लागेल. बटणाची वायर भिंतीच्या कडेकडेने बाबांच्या खोलीत नेली आणि बटण त्यांच्या चालत्या हाताखाली बांधलं.

"बाबा, दाबा."

टक. ती धावत परत आली. कॅबिनेट लालभडक झालं होतं. समोर भाऊ हेडफोन चढवून बसला होता, त्याचं नाकसुद्धा लाल दिसत होतं.

"दिसलं का?"

त्याने एक कान मोकळा केला. "दिसलं की. मस्त दिसतंय, ताई. एवढा राउंड संपू दे, जातो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्त दिसतंय म्हणे! तिने सरळ प्लग उपटला. भावाने बोंब ठोकली, पण तिने लक्ष दिलं नाही. रिले आठ पायांचा होता, त्याच्या दुसऱ्या बाजूचे तीन पाय अजून मोकळे होते. त्यातल्या दोन पायांना वायरी जोडून तिने त्या कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करणाऱ्या रिसेटच्या पिनांवर नेल्या.

"आता लाल दिवा लागला की त्याच क्षणी तुझा खेळ मरणार. बाप मेला तर चालेल, पण खेळ मेलेला चालायचा नाही ना तुला?"

असं बोलायला नको होतं, पण बोलून गेली. भावाने मान खाली घातली. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

बाबांच्या खोलीत जाऊन तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आता बिनधास्त दाबा. तुम्ही दाबलंत की त्याचा खेळच बंद पडतो. झक मारत येईल." बाबांनी मान हलवली.

ती औषधं आणायला गेली. दुकानात गर्दी होती, परतायला तास लागला. दारातच भावाचं ओरडणं ऐकू आलं. "मार! मार! सोडू नकोस!" खेळ जोरात चालला होता.

बाबांच्या खोलीत वास येत होता. चादर ओली झाली होती, ओघळ जमिनीपर्यंत आला होता. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. बटण त्यांच्या मुठीत होतं.

वायर सुटली की काय? तिने बटण त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः दाबलं. शेजारच्या खोलीत टक वाजलं, पाठोपाठ भावाची किंकाळी. सगळं चोख चालत होतं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस बटण दाबणारच, हे ती इतकी वर्षं धरूनच चालली होती.

"मग दाबलं का नाहीत तुम्ही?" ती बाबांवरच ओरडली. "सांगितलं होतं ना मी? हात चालतो ना तुमचा?"

बाबांनी तोंड वळवलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"ओरडू नकोस," ते पुटपुटले. "जिंकत होता तो."